दोन मीटर त्रेचाळीस

माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून बरोबर २.४३ मीटरवर निळ्या कागदी टेपची एक आडवी पट्टी चिकटवलेली आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय? कुणाला वाटतं रंगकाम निघालंय, कुणाला वाटतं ओल कुठपर्यंत आली याची खूण केलीय. उत्तर साधं आहे. पुरुषांच्या व्हॉलीबॉलच्या नेटची वरची कड तेवढ्या उंचीवर असते. पण त्या टेपच्या बऱ्याच खाली पेन्सिलच्या बारीक रेघा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख आहे, आणि त्या रेघा माझ्या नाहीत. त्या सांगायच्या तर थोडं मागं जावं लागेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. वय अठ्ठावीस, उंची पाच फूट अकरा इंच. या उंचीमुळे शाळेपासून मला कुणी विचारलंच नाही की तुला काय खेळायचंय. सर म्हणायचे, "तू नेटवर." इंजिनियरिंगला गेलो, तिथंही नेटवर. नोकरी लागली, ऑफिसची टीम निघाली, तिथंही नेटवर. टीममधली पोरं मला 'भिंत' म्हणायची. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एका डिसेंबरात कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेत आम्ही सेमीफायनल हरलो. टीममधल्या एकानं आमची मॅच मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केली होती. रात्री त्यानं ग्रुपवर माझ्या ब्लॉकच्या क्लिप्स टाकल्या. खाली आगीचे इमोजी. मी अंथरुणात पडून त्या बघत होतो. तिसऱ्या क्लिपला मी थांबलो. मागं नेली, परत बघितली. हवेत माझे दोन्ही हात वर होते, बोटं फाकलेली होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

नेमकी त्याच क्षणी पापणी लवली असेल, असं वाटलं. म्हणून सगळ्या अकरा क्लिप्स एकेक फ्रेम करून बघितल्या. नऊमध्ये डोळे बंद. आणि बॉल हाताला लागताना नाही, त्याच्या बऱ्याच आधी. पाय जमिनीवरून सुटले की डोळे मिटत होते, आणि खाली आल्यावर उघडत होते.

इतकी वर्षं मी आंधळेपणानं उडी मारत होतो. ज्यात बॉल अडला, त्यात तो माझ्या हातावर येऊन आदळला होता, एवढंच.

कारण मला माहीत होतं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी सरावात एक स्मॅश माझ्या दोन हातांच्या मधून आला आणि थेट तोंडावर बसला. चष्मा मोडला, नाकातून रक्त आलं, सगळे हसले, मीही हसलो. आठवडाभरानं नवीन चष्मा घालून परत नेटवर उभा राहिलो. त्या दिवसापासून हे चालू असणार. कुणाला दिसलं नाही, कारण ब्लॉक करणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. सगळे बॉलकडे बघतात. मी कुणाला काही सांगितलं नाही. आगीच्या इमोजीला अंगठा दिला आणि झोपलो.

ज्यांनी व्हॉलीबॉल खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समोरचा खेळाडू नेटजवळ उंच उडी मारून बॉल आपल्या बाजूला हाणतो, तो स्मॅश. त्याच्यासमोर नेटच्या वर हातांची आडकाठी उभी करायची, तो ब्लॉक. नेटला हात लागला की फाउल. हात नेटपलीकडे नेता येतात, पण समोरच्यानं फटका मारेपर्यंत बॉलला लावायचे नाहीत. एक सवलत मात्र आहे. ब्लॉकला लागलेला बॉल संघाच्या तीन टचमध्ये धरत नाहीत. १९७०च्या दशकापर्यंत तो धरायचे, मग नियम बदलला. त्यामुळे बॉल पुरता अडवता आला नाही, नुसता हाताला लागून हळू झाला, तरी मागच्यांचं काम सोपं होतं. चांगल्यात चांगल्या संघालाही एका सेटमध्ये ब्लॉकवर दोन-तीनच गुण मिळतात. म्हणजे बहुतेक उड्या वायाच जायच्या असतात.

आता गणित बघा. आमच्या ऑफिसच्या स्पर्धेतला एखादा बरा स्मॅश ताशी ७२ किलोमीटरचा धरू. सेकंदाला वीस मीटर. त्याचा हात आणि माझा हात यांच्यात जेमतेम एक मीटर. म्हणजे फटका बसल्यापासून बॉल माझ्यापर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग. माणसाला काही बघून हालचाल करायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो. थोडक्यात, फटका बघून ब्लॉक करता येत नाही. मग डोळे बंद काय आणि उघडे काय, असा युक्तिवाद मी त्या रात्री स्वतःशी करून बघितला.

तो चुकीचा आहे, कारण बघायचं ते फटक्याच्या आधीच असतं. ब्लॉकरनं नजर कुठं ठेवायची याचा एक ठरलेला क्रम आहे: बॉल, सेटर, बॉल, स्मॅशर. समोरच्या संघाचा पहिला पास कसा गेला ते बघायचं. मग सेटरचे हात. गावाकडे आम्ही त्याला लिफ्टर म्हणायचो. त्याच्या हातातून बॉल सुटला की तो किती उंच आणि कुठं चाललाय ते बघायचं. आणि मग बॉल सोडून द्यायचा. पूर्ण सोडायचा. नजर स्मॅशरवर आणायची: तो कुठून धावत येतोय, अंग कुणीकडं वळलंय, मारणारा खांदा कुठं उघडतोय. खांदा आधी सांगतो, बॉल नंतर जातो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. ज्युनियर पोरांना मी शिकवलंही होतं.

शाळेतले आमचे सर जिमी जॉर्जचं नाव काढायचे. केरळचा हा खेळाडू इटलीत जाऊन खेळला, १९८६च्या सोल एशियाडमध्ये भारताला कांस्यपदक मिळालं त्या संघात होता आणि १९८७मध्ये इटलीतच अपघातात गेला. सर म्हणायचे, तो हवेत थांबायचा. ब्लॉकवाले वर जाऊन खाली यायचे आणि मग हा मारायचा. आम्हाला सांगायचं असायचं ते एवढंच, की ब्लॉकरनं स्मॅशरच्या नंतर उडी मारायची. त्याच्याआधी नाही. आणि नंतर मारायची तर त्याच्याकडे बघत राहावं लागतं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, ग्राउंडवर चिखल झाला, खेळ बंद पडला. मला ते बरंच वाटलं. लोकांसमोर हे सुधारायची मला लाज वाटत होती. घरी करू म्हटलं. टेप आणली, फूटपट्टीनं मोजून भिंतीवर चिकटवली.

घरात ब्लॉकचा सराव करायला पहिली अडचण पंखा. त्याची पाती नेटच्या उंचीच्या आसपासच फिरतात, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. हात वर करून उभा राहिलो तर माझी बोटं २.३४ मीटरवर पोचतात आणि उडी मारून २.७८वर. छत साडेनऊ फुटांचं. म्हणजे वर अर्धी वीतच उरते. पंख्यापासून लांब, भिंतीला तोंड करून उभं राहायचं, एवढीच जागा.

भिंतीचा फायदा असा, की ती नेटसारखीच आहे. तिला हात लागला की समजायचं फाउल. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, हात आधीपासून खांद्याच्या वर, कोपरं खाली पडू द्यायची नाहीत, आणि सरळ वर जायचं. बहुतेकांची उडी पुढं जाते, माझीही जायची. आठवडाभर मी भिंतीला धडकत होतो. मग हात. बॉलचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण २१. दोन अंगठ्यांमधलं अंतर त्याहून कमी हवं. नाहीतर चष्मा मोडतो.

दुसरी अडचण खालच्या मजल्यावरच्या काकू. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'कृपया रात्री जड सामान सरकवू नये.' मी माफी मागितली आणि सायंकाळी सहाची वेळ ठरवली. पण त्यामुळे एक गोष्ट शिकलो. दोन्ही पायांवर, चवड्यांवर, गुडघे वाकवून उतरलं तर आवाज होत नाही. एका पायावर आदळलं तर होतो, आणि गुडघाही त्यानंच जातो. काकूंचा मेसेज आला नाही की समजायचं, आज नीट उतरलो.

पायांचा सराव हॉल आणि स्वयंपाकघरामधल्या बोळात. उजवीकडं जायचं तर उजवा पाय, मग डावा त्याच्यापुढून ओलांडून, मग उजवा टेकवून ब्रेक. तीन पावलांत नेटच्या मध्यापासून टोकापर्यंत पोचायचं असतं. माझ्या बोळात दुसऱ्या पावलालाच फ्रिज येतो.

हे सगळं दीड महिन्यात बरंच सुधारलं. डोळे मात्र मिटतच होते. मोबाइल टेकवून रोज शूट करत होतो. समोर कुणी नाही, बॉल नाही, नुसती भिंत, तरी उडी मारली की डोळे बंद. भिंतीला घाबरणारी भिंत.

रूममेट लग्न ठरल्यामुळे दुसरीकडे राहायला गेला होता. त्याची खोली रिकामी होती, म्हणून जुलैच्या शेवटी आई दोन महिने राहायला आली. आमचं गाव कऱ्हाडजवळ. बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत, त्यांना रजा नव्हती, ते तिकडंच राहिले. आईनं पहिल्याच संध्याकाळी मला भिंतीपुढं उड्या मारताना बघितलं.

"ह्ये करायला इंजिनियर केला व्हय तुला?"

मी तिला डोळ्यांचं सांगितलं. टीममध्ये कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग कुणीतरी मारायला पायजे की समोरनं. भिंत काय मारती व्हय?"

हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. कपडे वाळत घालायची दोरी माझ्या डोक्याच्या उंचीवर आहे, तेच नेट. बॉल म्हणजे मोज्यांचे गोळे, दोन-दोन जोड एकात एक गुंडाळलेले. असे दहा. मी उडी न मारता दोरीवर हात धरून उभा राहायचो आणि आई दोन-तीन पावलांवरून गोळे मारायची, डावीकडून किंवा उजवीकडून, तिच्या मर्जीनं. मी डोळे उघडे ठेवायचे. बस.

मोज्यांनी लागत नाही. तरी पहिल्या दिवशी मी प्रत्येक गोळ्याला डोळे मिटले. "मिटलं," आई म्हणायची. परत गोळा. "मिटलं." तिनं स्वतः मोजायचं ठरवून टाकलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी दहापैकी तीनदा उघडे राहिले. काहीतरी जवळ आलं की पापणी मिटणं शरीराचंच काम आहे, ते पुरतं जात नाही. पण ती किती आधी मिटते, ते बदलता येतं. बॉल येईपर्यंत बघण्यासारखं काहीतरी हवं. मला ते सापडलं: आईचा खांदा. गोळा कुणीकडं येणार हे ओळखायचं म्हणून मी तिच्या खांद्याकडे बघायला लागलो, आणि बघायला लागलो की डोळे मिटायचं विसरायचो.

दहा-बारा दिवस झाले असतील. एक गोष्ट मला अडायला लागली. आई सगळं डाव्या हातानं मारत होती. ती उजव्या हाताची आहे.

"आई, उजव्या हातानं मार की. वरून."

"ह्योच बरा हाय."

"एकदा मार."

तिनं गोळा उजव्या हातात घेतला आणि खालून टाकला. मी म्हटलं, वरून. तिनं हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथं थांबला. पुढं सगळं अंग तिरकं झालं, मान वाकडी झाली, पण हात तिथंच. चेहऱ्यावर काही नाही. गोळा दोरीच्या खालून माझ्या पोटाला लागला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हात."

"हाय की. झालं सात-आठ म्हैनं."

मी दोरीपाशीच उभा होतो. सात-आठ महिने म्हणजे मी गुढीपाडव्याला गावी गेलो होतो त्याच्याही आधीपासून. तेव्हा तिनं मला माळ्यावरून मोठं पातेलं काढायला लावलं होतं. धुतलेलं लुगडं दोरीवर टाकायला लावलं होतं. मला वाटलं, आलाय पोरगा तर राबवून घेतेय. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं ते केलं होतं. आणि इथं, माझ्याच स्वयंपाकघरात, ती आल्यापासून वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली ओट्यावर आले होते. मी मनात म्हटलं होतं, आईची पसारा मांडायची सवय.

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगायचं? तुझ्या मागं काम, ह्यांची ड्युटी. हात दुखतोय म्हणून कोण मरतंय व्हय?"

मी काही बोललो नाही. मोजे गोळा केले आणि खाली आलो. रात्री आई केस विंचरत होती, मी दारातून बघितलं. ती हात डोक्याकडं नेत नव्हती, डोकं हाताकडं आणत होती. हे ती किती दिवस करत असेल, आणि मी किती वेळा त्या दारावरून गेलो असेन, याचा हिशोब मी केला नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी तिचा हात धरून सगळीकडं फिरवून बघितला. फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आखडतं आणि हात हळूहळू अडत जातो. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर अजून जास्त. म्हणून त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. उपाशीपोटी साखर १६८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, ती ८.१. तिला मधुमेह होता आणि आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. खांद्याच्या निमित्तानं तो सापडला.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, हल्ली भाकरी लवकर आटपती म्हणून जाड थापती." इतकंच बोलले.

गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली, आणि फिजिओथेरपी. तिथल्या बाईंनी घरी करायचे व्यायाम शिकवले. त्यातला एक असा: भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगीसारखी वर चालवत न्यायची. जिथं अडेल तिथं थोडं थांबायचं. जोर करायचा नाही. रोज.

घरी आल्यावर आई हॉलमध्ये गेली आणि माझ्या टेपखाली उभी राहिली. मोकळी भिंत तेवढीच होती. पहिली पेन्सिलची रेघ १.३८ मीटरवर आहे. तिच्या डाव्या हाताची बोटं १.९४वर पोचतात, तीही खूण केली. मग रोज संध्याकाळी सहाला आमचं दोघांचं सुरू झालं. तिची वीस मिनिटं, मग माझी वीस मिनिटं. ती खुर्चीत बसून माझे डोळे मोजायची, मी तिच्या रेघा मोजायचो. ती दात आवळायची तेव्हा मी म्हणायचो, जोर करायचा नाही म्हणालेत. ती म्हणायची, "तू तुजं बघ."

गणपतीला ती गावी गेली, गौरी उरकून परत आली. हे काही आठवड्यांत बरं होणारं दुखणं नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कधीकधी वर्ष लागतं, त्याहून जास्तही. काही आठवडे रेघ हलतच नाही. सप्टेंबरच्या मधल्या पंधरवड्यात एकाच जागी सात तारखा आहेत. अक्षर माझं आहे, मला ती पानं भरताना कंटाळा यायचा. तिला येत नव्हता.

दिवाळीच्या आधी ती गावी गेली तेव्हा शेवटची रेघ १.७१वर होती.

डिसेंबरात स्पर्धा झाली. आम्ही गटातच हरलो. शेवटच्या सेटमध्ये त्यांच्या डाव्या टोकाच्या स्मॅशरसमोर मी उभा होतो. सेटरच्या हातातून बॉल सुटला, मी बॉल सोडला आणि त्याच्याकडे बघितलं. तो धावत आला, उडी मारली, आणि मला त्याचा खांदा वळताना स्पष्ट दिसला. तो लाइनवर मारणार होता. मी हात तिकडं नेला. पण बाहेरचा तळवा आत वळवायचा असतो, तो वळवायचा राहिला. बॉल माझ्या हाताला लागून कोर्टाबाहेर गेला. गुण त्यांचा. टीममधला एक जण ओरडला, "अरे भिंत, काय हे?" मला मात्र त्या फटक्याचं दुःख झालं नाही. मी तो पूर्ण बघितला होता.

त्या रात्री व्हिडिओ मी मागून घेतला. आठ उड्या. पाचमध्ये डोळे उघडे, तीनमध्ये बंद. म्हणजे अजून काम आहे.

टेप काढलेली नाही. फ्लॅट सोडताना भिंत रंगवून द्यावी लागेल, तेव्हा बघू. गावाकडं सोप्यातल्या भिंतीवर आता खडूच्या रेघा आहेत. बाबा ड्युटीवरून आले की मीटरपट्टी घेऊन मोजतात आणि फोटो पाठवतात. परवा फोटो आला, १.७९. त्यात रेघेपेक्षा आईच मोठी दिसतेय, पाठमोरी, हात भिंतीवर. मी फोटो मोठा करून खांदा बघितला. अजून थोडा तिरका उचलतेय. तसं फोन करून सांगितलं.

"तुला तिथनं दिसतंय व्हय?" ती म्हणाली.